मॅकच्या घरात विंडोजचं बिऱ्हाड

माघ सरत आला की रत्नागिरीतल्या डीटीपीवाल्यांचे फोन वाजू लागतात. बागायतदाराला हापूसचे खोके छापून हवे असतात आणि सांगणं बहुधा एकच असतं: ‘डिझाइन गेल्या वर्षीचंच ठेवा, तेवढा मोबाइल नंबर बदला.’ ऐकायला हे पाच मिनिटांचं काम. पण ते डिझाइन कोरलड्रॉमध्ये केलेलं असतं, त्यातली मराठी अक्षरं श्रीलिपीतली असतात, मूळ फाइल दहा-पंधरा वर्षांपूर्वी विंडोजवर तयार झालेली असते. आणि माझ्या टेबलावर आज ॲपलचा मॅक आहे. या दोघांची गाठ घालून देणारं साधन म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. मी ते रोज वापरतो. त्याचा उपयोग किती आणि ते अडतं कुठे, हे दोन्ही सांगावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण प्रश्न एकट्या माझ्या टेबलाचा नाही. जिल्ह्यातल्या छापखान्यांमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे मराठी टाइप झालं, ते पुढे कुणाला वाचता येणार आहे की नाही, हे बरंचसं याच गोष्टीवर अवलंबून आहे.

आधी एक खुलासा. ज्याचं सगळं काम कोरल आणि फ्लेक्सपुरतं आहे, त्याने मॅकच्या वाटेला जाऊ नये. चांगला विंडोज पीसी घ्यावा, उरलेल्या पैशांत यूपीएस घ्यावा; रत्नागिरीच्या पावसाळ्यात तो जास्त उपयोगी पडेल. मी मॅककडे वळलो ते फोटोंच्या कामासाठी. पिकलेल्या हापूसचा केशरी रंग पडद्यावर एक आणि खोक्यावर दुसराच दिसला, तर बागायतदार माल परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. मॅकच्या पडद्यावर रंगाचा अंदाज मला जास्त भरवशाचा वाटतो. पण मराठी मजकुराचं जुनं सगळं धन विंडोजमध्ये अडकलेलं. एकासाठी दुसरं सोडणं शक्यच नव्हतं.

हे असं का झालं? डेस्कटॉप पब्लिशिंगची सुरुवात खरं तर ॲपलच्याच यंत्रावर झाली. आल्डस कंपनीचं पेजमेकर १९८५ साली पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉशवर. पण आपल्याकडे हे तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं ते जुळणी करून घेतलेल्या स्वस्त पीसीवरून. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही सगळी मंडळी विंडोजवर नांदू लागली. कोरलड्रॉने तर अकराव्या आवृत्तीनंतर मॅककडे पाठ फिरवली, ती थेट २०१९ साली परत वळली. आज मॅकसाठीचं कोरल मिळतं, त्यात जुनी सीडीआर फाइल उघडतेही. पण विंडोजवर लोकांनी व्हीबीएमध्ये लिहून ठेवलेले मॅक्रो त्यात चालत नाहीत. लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्या कित्येकांचा अर्धा वेग त्या मॅक्रोंमध्ये असतो. आणि अक्षरांचा घोळ राहतो तो राहतोच.

हा घोळ जरा जवळून बघण्यासारखा आहे. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘रत्नागिरी’ टाइप केलं, तर फाइलीत प्रत्यक्षात साठवली जातात ती जे, कॅपिटल आर, यू, के, एफ, एक्स, जे, एच ही आठ इंग्रजी अक्षरं. फॉन्ट सोबत आहे तोवर डोळ्यांना रत्नागिरी दिसते. फॉन्ट गेला की उरतो नुसता इंग्रजी अक्षरांचा पसारा. त्यातही ऱ्हस्व इकाराचा एफ आधी येतो आणि ‘ग’साठीचा एक्स नंतर, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये क्रम उलटा: आधी ‘ग’, मग इकार, जसं आपण बोलतो तसं. अशा फॉन्टात अक्षरांना मिळून जागा २५६, त्यातल्याही सगळ्या वापरता येत नाहीत. जोडाक्षरांचे तुकडे बसवायला मग वरच्या १२८ जागा वापरात आल्या. आणि नेमक्या त्याच १२८ जागांचा अर्थ जुन्या मॅकवर वेगळा आणि विंडोजवर वेगळा होता. म्हणून विंडोजचा मजकूर मॅकवर नेला की साधी अक्षरं शाबूत आणि जोडाक्षरं फुटलेली, असा अनुभव त्या काळच्या अनेकांना आला.

आता यातली एक नीट समजून घ्यायची गोष्ट. आजच्या प्रत्येक मॅकमध्ये ‘श्री देवनागरी ७१४’ नावाचा फॉन्ट ॲपलने आधीच भरून दिलेला असतो. तो मॉड्युलर इन्फोटेकचाच, वळणही ओळखीचं. नवखा माणूस म्हणतो, मग काय अडचण, जुन्या श्रीलिपी ०७१४च्या जागी हा लावा! पण हा युनिकोडचा फॉन्ट आहे. जुन्या मजकुराला तो लावला की समोर इंग्रजी अक्षरंच येतात, कारण मजकुरात मुळात तीच आहेत. वळण तेच, घराणं तेच, तरी जुना मजकूर त्याला वाचता येत नाही.

तेव्हा जुनी फाइल आहे तशी उघडायची, तर तिला तिचं मूळ वातावरण द्यावं लागतं: तेच विंडोज, तोच फॉन्ट, तीच कोरलची आवृत्ती. व्हर्च्युअल मशीन हेच देतं. मोठ्या घराच्या माजघरात बिऱ्हाडकरू ठेवावा, तसा मॅकच्या आत एक अख्खा संगणक राहतो. त्याची चूल वेगळी, दार वेगळं. वीज-पाणी मात्र घरमालकाचं. विंडोजला आपण पाहुणे आहोत याचा पत्ता नसतो. त्याला स्वतःची मेमरी दिसते, स्वतःची हार्ड डिस्क दिसते. ती हार्ड डिस्क म्हणजे मॅकवरची एक भली मोठी फाइल असते. ही फाइल कॉपी केली की सगळा संगणक फॉन्टांसकट कॉपी झाला. माझ्या दृष्टीने या तंत्रातलं सगळ्यात मोलाचं काय असेल तर हे.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक मिळू लागला. मॅकवर विंडोज चालवण्याचा प्रयत्न कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल पीसीने १९९७ साली केला. त्या वेळी मॅकचा प्रोसेसर पॉवरपीसी होता, पीसीचा इंटेलच्या घराण्यातला. दोघांची यंत्रभाषा वेगळी, त्यामुळे प्रत्येक आज्ञेचं भाषांतर करावं लागे आणि काम रखडत चाले. २००६ साली ॲपलने इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि ती अडचण एकदम संपली. त्याच वर्षी पॅरलल्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आलं, पुढच्या वर्षी व्हीएमवेअर फ्यूजन. भाषांतर नको, मधला माणूस नको. विंडोज एक्सपी मॅकमध्ये जवळपास पीसीच्याच वेगाने पळू लागलं. इंटेलच्या मॅकची ती पंधराएक वर्षं आमच्यासारख्यांना सुखाची गेली.

नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने एम१ आणला आणि पुन्हा भाषा बदलली. हा प्रोसेसर एआरएम घराण्यातला. बूटकॅम्प, म्हणजे मॅक बंद करून त्याच यंत्रावर थेट विंडोज सुरू करायची सोय, या मॅकवर नाही. पॅरलल्स किंवा फ्यूजनमध्ये चालतं ते विंडोज ११, तेही एआरएमसाठी बनवलेलं. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३मध्ये पॅरलल्सला त्यासाठी अधिकृत मान्यता दिली. फ्यूजन नोव्हेंबर २०२४पासून सगळ्यांना मोफत आहे. विंडोजचा परवाना मात्र दोन्हीकडे वेगळा विकत घ्यावा लागतो. मॅकच्या किमतीत तो येत नाही, आणि जुन्या पीसीबरोबर आलेला परवाना सहसा त्या पीसीलाच बांधलेला असतो.

या एआरएम विंडोजमध्ये इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर चालतात, कारण विंडोज स्वतःच त्यांचं भाषांतर करून घेतं. कोरलच्या अलीकडच्या आवृत्त्या माझ्याकडे त्यात व्यवस्थित चालतात. पेटीचं डिझाइन, लग्नपत्रिका, नमनाच्या कार्यक्रमाचं पोस्टर, एवढ्या कामाला वेग पुरतो. पण भाषांतर होतं ते फक्त वरच्या सॉफ्टवेअरचं. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या उपकरणाशी बोलणारा भाग, याचं भाषांतर होत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. आणि इथे मराठी डीटीपीचा पाय अडकतो, कारण आमची जुनी भाषिक सॉफ्टवेअर डोंगलवर चालतात.

डोंगल म्हणजे कुलूप. आम्ही त्याला ‘लॉक’च म्हणतो. ते संगणकाला लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर सुरू होतं. अगदी जुने लॉक प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टवर बसत; प्रिंटरचं तसं पोर्ट मॅकला कधीच नव्हतं. नंतरचे यूएसबीवर आले. यूएसबीचा लॉक मॅकला लावून तो आतल्या विंडोजकडे सोपवता येतो, ही सोय उत्तम आहे. पण त्याचा जुना ड्रायव्हर इंटेलचा असेल, तर एआरएम विंडोजला तो घेता येत नाही आणि सॉफ्टवेअर म्हणतं, लॉक सापडत नाही. पैसे मोजून घेतलेला, हातात धरलेला लॉक! नवा मॅक घेऊन आलेल्या एका मित्राला मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. दिवा लागतोय ना त्याचा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दिवा लागतो, कारण वीज मिळते. बोलणारं कुणी नसतं.

यावर माझ्या अनुभवात उपाय तीन. पहिला सरळ: सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे नवी आवृत्ती मागणं, जिला लॉक लागत नाही किंवा जिच्या लॉकचा ड्रायव्हर नवा आहे. दुसरा: इंटेलचा एखादा जुना मॅक किंवा पीसी विकून न टाकता फक्त याच कामासाठी ठेवणं. तिसरा: यूटीएम. हे मोफत सॉफ्टवेअर क्यूईएमयूवर बेतलेलं आहे आणि ते एम मालिकेच्या मॅकवर इंटेलचा प्रोसेसर पूर्णपणे नकलून दाखवतं. १९९७चं भाषांतर पुन्हा आलं म्हणा ना. विंडोज ११ त्यात असह्य संथ चालेल. पण एक्सपी हलकं आहे, ते चालतं. रोजच्या कामाला नव्हे, जुनी फाइल उघडून तिच्यातला मजकूर बाहेर काढायला. माझ्या मते व्हर्च्युअल मशीनचं खरं काम आता हेच उरलं आहे.

कारण एक्सपीमध्ये, पेजमेकरमध्ये आपलं काय काय पडून आहे, याची यादी केली तर छाती दडपते. शाळांच्या शतक महोत्सवांच्या स्मरणिका. गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. गावांचे इतिहास, जे एखाद्या निवृत्त गुरुजींनी ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने लिहिले आणि एकदाच छापले गेले. नमन-खेळ्यांची वगनाट्यं, जाखडीची गाणी, संगमेश्वरी बोलीतल्या गजाली. कुळवृत्तांत. स्थानिक दिवाळी अंक. यातल्या पुष्कळ गोष्टींच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या आणि आता उरली आहे ती फक्त फाइल. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. ॲडोबीने ते सॉफ्टवेअर तिथेच थांबवलं. इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडत असत, पण २०१२च्या सीएस६पर्यंतच. नंतरच्या आवृत्त्या त्या फाइली ओळखत नाहीत. आणि इनडिझाइनमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळू लागली तीही याच सीएस६पासून. जुनं वाचणारी शेवटची आणि नवं मराठी जुळवणारी पहिली आवृत्ती एकच निघावी, हा मोठा योग आहे. ज्यांच्याकडे तिचा परवाना असेल, त्यांनी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवून जपावी.

मजकूर बाहेर काढला की तो युनिकोडमध्ये बदलायचा. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, बरे आहेत. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणं बरं नव्हे. इकार मागचा पुढे आणायचा, रफार त्याच्या जागी न्यायचा, हे नियमात बसतं. पण काही फॉन्टांमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असतो, काहींमध्ये वेलांटी आणि रफार मिळून एक. ‘आर्थिक’, ‘वर्षांचं’ अशा शब्दांवर मी पहिल्यांदा नजर टाकतो. ते बरोबर आले तर बाकी बहुतेक बरोबर असतं. त्यानंतर ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं मराठी वाचकाला खुपतं, आणि खुपायलाच हवं. बोलीतला मजकूर असेल तर कुठलीही शुद्धलेखन तपासणी बंद ठेवावी. संगमेश्वरीतल्या म्हातारीचं बोलणं संगणकाने प्रमाण मराठीत दुरुस्त करून ठेवलं, तर ते काम न केलेलंच बरं. अशा मजकुराचं प्रूफ ती बोली बोलणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्यावं लागतं, आणि आपल्या गावांत अशी माणसं अजून आहेत.

एक सवय मात्र आमच्या धंद्याने सोडली पाहिजे. फॉन्ट मिसिंगची कटकट नको म्हणून आम्ही एकमेकांना सांगतो, ‘फाइल कर्व्ह करून पाठव.’ कर्व्ह केलं की अक्षरांची रेखाचित्रं होतात. कुठेही उघडा, दिसतं तसंच दिसतं. छपाईला हे सोयीचं. पण त्या फाइलीतून मजकूर कायमचा गेलेला असतो, एक शब्दही शोधता येत नाही. कर्व्हची प्रत छापखान्याला द्यावी, मूळ प्रत मजकुरासकट आणि फॉन्टसकट वेगळी ठेवावी. पुष्कळ ठिकाणी मला फक्त कर्व्हच्या फाइली मिळतात आणि मग सगळं नव्याने टाइप करण्यावाचून गत्यंतर नसतं.

प्रत्यक्ष मांडणीबद्दल थोडं. मॅकला १६ जीबी मेमरी असेल तर त्यातली निम्मी विंडोजला द्यावी, जास्त देऊ नये. घरमालकालाच जागा उरली नाही तर दोघंही अडतात. एक्सपीचं नेटवर्क कार्ड पूर्ण बंद ठेवावं. एप्रिल २०१४नंतर त्याला सुरक्षेचे नियमित अपडेट मिळालेले नाहीत, त्यामुळे त्याचा इंटरनेटशी संबंध नको. फाइलींची ने-आण सामाईक फोल्डरमधून करावी. कटिंग प्लॉटर किंवा फ्लेक्स मशीनसारखी उपकरणं व्हर्च्युअल मशीनला जोडण्याच्या नादी लागू नये, ती त्यांच्या पीसीवरच शोभतात. रंगाचा निर्णय विंडोजच्या आतल्या पडद्यावर करू नये. आतून पीडीएफ काढावी आणि मॅकवर उघडून तिथे रंग पाहावा. राहता राहिली बोटांची सवय. कंट्रोल आणि कमांडचा गोंधळ काही दिवस होतो, मग आपोआप बसतो.

व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणारा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवं. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तेव्हा दुकानांतल्या संगणकांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून पुस्तकं भिजली. भिजलेलं पुस्तक वाळवून काही पानं तरी वाचवता येतात. चिखलात गेलेल्या डिस्कमधून मजकूर काढणं तालुक्याच्या गावात कुणाच्या हातचं नाही. व्हर्च्युअल मशीनची फाइल दोन बाह्य डिस्कवर ठेवावी आणि त्यातली एक घाटावर, पुण्या-कोल्हापूरला कुणा नातेवाइकाकडे.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. छापखान्यांतले बरेच पीसी इतके जुने आहेत की त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, त्याला लागणारी टीपीएम चिप किंवा प्रोसेसर त्यांच्यात नाही. ते आता भंगारात निघताहेत. पीसी खुशाल द्या, पण त्याआधी त्याच्यावर मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. चालू पीसीची संपूर्ण डिस्क ते एका फाइलीत उतरवून देतं, आणि ती फाइल पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरता येते. पीसी सुरूच होत नसेल तर निदान हार्ड डिस्क काढून ठेवा, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आपल्या दमट हवेत ती उघड्यावर टिकत नाही. लॉक असेल तर तोही त्याच डब्यात टाका. डब्यावर छापखान्याचं नाव आणि साधारण कोणत्या सालांचं काम आहे ते लिहा. विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर तेवढा आधी एका पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्हही आत ठेवा, कारण डिस्क वाचली आणि फॉन्ट गेला, तर हाती लागतील ती नुसती इंग्रजी अक्षरं.